निर्वासिताची फाईल कुठे जाते?

निर्वासितांचं पुनर्वसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबू, खिचडीची रांग आणि ब्लँकेटं वाटणारे पुढारी येतात. ते झालं पहिल्या महिन्याचं काम. पुढची वीस-पंचवीस वर्षं पुनर्वसन चालतं ते सरकारी टेबलांवर. माणूस कोण, कुठून आणि कधी आला, किती दिवस राहू शकतो, दुकान टाकू शकतो का, घर नावावर करू शकतो का, मतदान कधी करणार? एकेका प्रश्नाचं उत्तर एकेका कागदावर असतं आणि तो कागद देणारं ऑफिस दरवेळी वेगळं असतं.

यातलं बरंचसं एका खात्याकडे सोपवायचा प्रयत्न अमेरिकेने केला. १९८० च्या निर्वासित कायद्याने तिथल्या आरोग्य खात्याच्या हाताखाली एक निर्वासित पुनर्वसन कार्यालय उभं राहिलं. परदेशातल्या छावण्यांमधून संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, नावं सुचवते. मुलाखती, वैद्यकीय तपासणी, सुरक्षा तपासणी अमेरिकन सरकार करतं. माणूस उतरला की पहिले तीन महिने सरकारी पैशावर स्वयंसेवी संस्था त्याला सांभाळतात. विमानतळावरून घेऊन जाणं, भाड्याचं घर, पोरांची शाळा हे सगळं त्यांच्याकडे. त्यानंतर पुनर्वसन कार्यालय मुख्यतः राज्यांमार्फत रोख मदत, इंग्रजीचे वर्ग आणि नोकरीची खटपट बघतं. मदत मुद्दाम थोड्या काळाची ठेवलेली असते, कारण सगळा भर माणसाला लवकर कमावता करण्यावर. ही रोख मदत १२ महिने मिळायची, २०२५ मध्ये ती ४ महिन्यांवर आणली. विमानाचं तिकीटसुद्धा बिनव्याजी कर्जावर मिळतं, ते नंतर हप्त्याने फेडायचं. वर्षभराने ग्रीन कार्डाचा अर्ज, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा.

कागदावर सुरेख दिसणाऱ्या या व्यवस्थेला दोन मर्यादा आहेत. जगातल्या निर्वासितांपैकी अशा रीतीने तिसऱ्या देशात वसवले जाणारे एका वर्षात एक टक्कासुद्धा नसतात. आणि एक दोर धरून सगळं चाललं की तो दोर कापायलाही एकच सही पुरते. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने निर्वासितांना आत घेण्याचा हा कार्यक्रम स्थगित झाला.

आपल्याकडे असा एक दोरच नाही. १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ ची त्याची पुरवणी, दोन्हींवर भारताची सही नाही. देशात निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता. त्याच्या लेखी ताजमहाल बघायला आलेला पर्यटक आणि जीव वाचवून आलेलं कुटुंब, दोघंही सरसकट परकीय. त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांचा नवा कायदा लागू झाला, तरी निर्वासित अशी वेगळी वर्गवारी त्यातही नाही.

मग इतकी माणसं इथे वसली कशी? प्रत्येक लोंढ्यासाठी दिल्लीतून स्वतंत्र आदेश निघाला, त्या आदेशापुरती यंत्रणा उभी राहिली, आणि पुढचा लोंढा आला तेव्हा पुन्हा नवा आदेश. त्यामुळे भारतात निर्वासिताला काय मिळेल हे त्याच्या हालांवरून कमी आणि तो कुठल्या साली, कुठल्या सीमेवरून आला यावरून जास्त ठरतं. नागपूर आणि आसपासच्या वस्त्या बघितल्या तर हे सगळे आदेश माणसांच्या रूपात भेटतात.

क्लेमवाले

फाळणीनंतर सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्राने मदत आणि पुनर्वसनाचं स्वतंत्र मंत्रालयच काढलं. आपल्या देशाच्या इतिहासात निर्वासितांसाठी इतकी मोठी यंत्रणा पुन्हा उभी राहिली नाही. पंजाबचे दोन तुकडे झाले, त्यामुळे तिकडून आलेल्यांना इकडचा पंजाब होता. सिंध अख्खा पलीकडे गेला. सिंधी माणूस कराचीहून बोटीने मुंबईला किंवा राजस्थानमार्गे रेल्वेने आला आणि जिथे जागा मिळाली तिथे पांगला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं. जरीपटका, खामल्याची सिंधी कॉलनी या वस्त्या अशाच वसल्या.

जुन्या सिंधी घरांतून ‘क्लेम’ हा शब्द अजून ऐकू येतो. १९५० च्या कायद्याने पश्चिम पाकिस्तानात सोडून आलेल्या घरादाराचा दावा नोंदवायचा होता. घर किती खणांचं, दुकान कुठल्या बाजारात, भाडं किती यायचं, असे तपशील आणि जमेल तेवढे पुरावे. अधिकारी ते तपासून किंमत ठरवायचे. मग १९५४ च्या कायद्याने एक भरपाईचा साठा केला. इथून पाकिस्तानात गेलेल्यांची सोडलेली मालमत्ता त्यात घातली, सरकारने बांधलेली घरं घातली, आणि त्यातून क्लेम भागवले. पूर्ण किंमत कुणालाच मिळाली नाही. लहान क्लेमला जास्त टक्का, मोठ्या क्लेमला कमी. पंजाबच्या शेतजमिनीला तर याहून कडक कात्री लागली होती: पहिल्या दहा एकरांवर २५ टक्के कपात, आणि हजाराच्या वरच्या एकरांवर ९५ टक्के. हजारो एकरांचा जमीनदार सीमा ओलांडली आणि मध्यम शेतकरी झाला. पुनर्वसनाच्या निमित्ताने झालेली ही जमीन-सुधारणा आपल्या चर्चेत फारशी येत नाही, हे मला नेहमी खटकतं.

नागपूरच्या वस्त्यांमध्ये मात्र एक गाठ राहून गेली. घरं दिली, पण कित्येक ठिकाणी जमिनीचे पट्टे अर्धवट. पुढे मजले चढले, दुकानं निघाली, मूळ कागद आणि आजचं बांधकाम जुळेना. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधी विस्थापितांच्या वसाहतींमधले पट्टे नियमित करण्यासाठी अभय योजना मंजूर केली. हिशेब करा, आजोबांना घर मिळालं आणि त्याखालच्या जमिनीचा प्रश्न नातवाच्या काळात मंत्रिमंडळापुढे आला.

पूर्वेकडून आलेल्यांना क्लेम नव्हता

आता गडचिरोलीकडे चला. चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत बंगाली बोलणारी गावं लागतात. पूर्व पाकिस्तानातून, विशेषतः १९६४ च्या दंगलींनंतर आलेल्या कुटुंबांना केंद्राने बंगालबाहेर वसवायचं ठरवलं. त्यासाठी १९५८ पासूनच ओडिशातलं कोरापुट आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं बस्तर धरून दंडकारण्य योजना चालू होती. रायपूरजवळच्या माना छावणीतून माणसं पुढे पाठवली जायची. महाराष्ट्रात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही कुटुंबं आली. गडचिरोली जिल्हा त्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला.

या लोकांना क्लेम का नाही? ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात दोन्ही बंगालांतून स्थलांतर केलेल्यांचा मालमत्तेवरचा हक्क कायम राहील असं ठरलं होतं. म्हणजे सरकारच्या लेखी ही माणसं कधीतरी परत जाणार होती. परत जाणाऱ्याला भरपाई कशाची द्यायची? म्हणून त्यांच्या वाट्याला आलं ते जंगल तोडून काढलेलं शेत, बैलजोडीसाठी कर्ज आणि घर बांधायला थोडी मदत. पाण्यात वाढलेला भातशेतकरी मुरमाड माळावर आणून सोडला, असं म्हटलं तरी चालेल. तरीही त्यांनी धान पिकवला, तळी काढून मासे वाढवले.

इथला एक पेच जवळून बघण्यासारखा आहे. या कुटुंबांमध्ये नमःशूद्र समाज मोठा. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही, कारण यादी राज्यानुसार असते. केंद्राने ज्या माणसाला स्वतः उचलून बंगालबाहेर नेलं, त्याच्या नातीला गडचिरोलीत नर्सिंगला प्रवेश घेताना जातीचा दाखला मिळत नाही. जमिनीचंही तसंच. सरकारकडून मिळालेली जमीन सातबाऱ्यावर बहुधा भोगवटदार वर्ग-२ असते, म्हणजे परवानगीशिवाय ती विकता येत नाही. पुनर्वसनाच्या वेळी जमीन सावकाराकडे जाऊ नये म्हणून ठेवलेली ही अट चांगलीच होती. तिसऱ्या पिढीला पोराच्या शिक्षणासाठी एक एकर विकायचं असतं तेव्हा तीच आडवी येते.

तिबेटी कॅम्प

थंडीत नागपुरात स्वेटर विकायला येणारी तिबेटी कुटुंबं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ पासून आहे. महाराष्ट्रातली ही तिबेटी शेतकरी वसाहत. आजूबाजूचे लोक तिला सरळ ‘कॅम्प’ म्हणतात.

इथलं प्रशासन दुपदरी आहे. जमीन राज्य सरकारची, पण वसाहतीचा अधिकारी धर्मशाळेतल्या तिबेटी प्रशासनाच्या गृहविभागाकडून येतो. शाळा, सहकारी संस्था, मठ यांची घडी तोच बसवतो. भारत सरकारच्या बाजूने माणसाची ओळख म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात. ते ठराविक मुदतीने पोलिसांकडून नवं करून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळखपत्र. २०१४ मध्ये गृह मंत्रालयाने तिबेटी पुनर्वसन धोरण काढलं. जमिनीचे वीस वर्षांचे भाडेपट्टे, रेशन आणि रोजगार हमीसारख्या योजना, व्यवसायाचे परवाने, हे सगळं राज्यांनी द्यावं असं त्यात आहे.

गंमत पुढेच आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच भारतीय नागरिक. तो तिबेटी असला तरी. दिल्ली उच्च न्यायालयानेही हे मान्य केलं. पण २०१७ मध्ये भारतीय पासपोर्ट मागणाऱ्या तिबेटींना अटी घातल्या गेल्या: आरसी परत करा, वसाहतीत राहणार नाही असं लिहून द्या, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडा. थोडक्यात, नागरिक व्हायचं असेल तर कॅम्पातलं घर सोडा. आईवडील त्याच घरात, शेत तिथेच. त्यामुळे हक्क असूनही कित्येक जण त्या वाटेला जात नाहीत. संस्कृती टिकवायला वस्ती वेगळी ठेवायची आणि नागरिक करायला माणूस वस्तीबाहेर काढायचा, या दोन धोरणांचं एकमेकांशी कधी बोलणं झालेलं दिसत नाही.

आज येणारे

सध्या नागपुरात सर्वांत जिवंत विषय आहे तो पाकिस्तानच्या सिंधमधून येणाऱ्या हिंदू कुटुंबांचा. सक्खर, घोटकी, जेकबाबाद भागातून ही माणसं येतात. नातेवाईक जरीपटक्यात असतात, भाषा एकच. त्यांच्यासाठी छावणी नाही, रोख मदत नाही, कसले वर्ग नाहीत. राहायची सोय मावसभाऊ करतो, पहिली नोकरी ओळखीचा कापडवाला देतो, अडीअडचणीला सिंधी समाजाची पंचायत असते. सरकार देतं ते फक्त कायदेशीर स्थान, आणि ते टप्प्याटप्प्याने.

पहिला टप्पा एलटीव्ही, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. माणूस येतो तो साध्या व्हिसावर. मग ऑनलाइन अर्ज, सोबत पाकिस्तानी पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र आणि भारतीय नागरिक असलेल्या जामीनदाराचं हमीपत्र. शहरात परकीय नागरिकांची नोंदणी पोलिसांकडे असते, त्यामुळे चौकशी त्यांच्याकडून होते. जामीनदार खरा आहे का, माणूस दिलेल्या पत्त्यावरच राहतो का, हे बघायला ठाण्यातून माणूस घरी येतो. भाड्याची खोली बदलली आणि कळवलं नाही तर इथेच घोटाळा होतो. मंजूर झाला की व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो.

एलटीव्हीवर काय करता येतं? २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांसाठी सवलती वाढवल्या. बँक खातं, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, स्वतःचा धंदा आणि राहण्यापुरतं एक घर. घर लष्करी छावणीच्या हद्दीत किंवा संरक्षित भागात चालत नाही. कामठी रोडने पुढे गेलं की कॅन्टोन्मेंट लागतं, त्यामुळे उत्तर नागपुरात घर बघणाऱ्याने ही अट आधी वाचावी. नागरिकत्वाच्या नोंदणीची फी हजारोंच्या घरात होती, ती या लोकांसाठी शंभर रुपये केली. मतदान आणि सरकारी नोकरी अर्थातच नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा इथल्या घरांत धाकधूक होती. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले एलटीव्ही कायम राहतील, असा खुलासा लगेच आला.

दुसरा टप्पा नागरिकत्व. एरवी नागरिकत्वाची फाईल दिल्लीला जाते. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने सात राज्यांतल्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या तीन देशांतल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन अर्जदारांना नागरिकत्व द्यायचे अधिकार दिले. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते: मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर. म्हणून ही फाईल नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातच सुटू शकते.

आता एक कुटुंब समजा. आजोबा १९४४ मध्ये सक्खरला जन्मले. मुलगा १९७२ चा, सून त्याच्याच वयाची, नातू १९९८ चा, आणि धाकटी नात २०१८ मध्ये नागपुरातच झाली. सगळे २०१६ मध्ये आले. आजोबांचा जन्म अखंड भारतातला, म्हणून ते ‘भारतीय वंशाचे’. सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणीने नागरिकत्व. मुलाचे वडील अखंड भारतात जन्मलेले, म्हणून त्यालाही तोच रस्ता. सुनेचं तिच्या आईवडिलांच्या जन्मसालावर अवलंबून. नातवाचे आईवडील मात्र दोघंही १९४७ नंतरचे. त्याला ही व्याख्या लागू होत नाही. त्याने स्वतंत्र अर्ज केला तर देशीयकरणाची, म्हणजे निव्वळ दीर्घ वास्तव्यावर नागरिकत्व मिळवायची, बारा वर्षं. आईवडील नोंदणीने नागरिक झाले की त्यांच्या आधारावर अर्ज करता येतो, म्हणून घरातल्या फायली वयाच्या रांगेने काढाव्या लागतात. आणि नागपुरात जन्मलेली नात? डिसेंबर २००४ नंतर नुसता इथला जन्म पुरत नाही. आईवडिलांपैकी एक भारतीय आणि दुसरा कायदेशीर रहिवासी असावा लागतो. तिच्या जन्मावेळी दोघंही पाकिस्तानी होते, म्हणून तीही पाकिस्तानी. आईवडील नागरिक झाल्यावर अज्ञान मुलगी म्हणून तिचा अर्ज निघतो. अठरा पूर्ण व्हायच्या आत काढला तर बरं.

हेच कुटुंब दोन वर्षं आधी, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलं असतं तर तिसरा रस्ता होता, सीएए, म्हणजे याच तीन देशांतल्या याच सहा धर्मांसाठीचा नागरिकत्व सुधारणा कायदा. याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. बारा वर्षांच्या जागी अट सहावर येते, वास्तव्याची मुदत अकरावरून पाचवर आणली आहे. अर्ज ऑनलाइन. कागद तपासायला जिल्हा समिती, आणि तिचे प्रमुख असतात टपाल खात्याचे अधीक्षक. निष्ठेची शपथही तिथेच. त्यावर राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. टपाल आणि जनगणना दोन्ही केंद्राची खाती. राज्य सरकारांवर अवलंबून राहायचं नव्हतं म्हणून ही रचना झाली असावी, असा माझा तर्क. पुराव्यांची यादी मात्र ऐसपैस आहे. मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्ट चालतो, तिथला शाळेचा दाखला किंवा जमिनीचा कागद चालतो, पणजोबांचाही चालतो. २०१४ च्या आधी आल्याचं दाखवायला इथलं विजेचं बिल, भाडेकरार, पॅन यांपैकी काहीतरी.

सीएएच्या देश-धर्मांच्या यादीत मुस्लिम नाहीत, श्रीलंकेचे तमिळ नाहीत, तिबेटी नाहीत, म्यानमारमधून आलेले कुणीच नाहीत. कायद्यावरचा मोठा वाद त्यावरूनच आहे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या त्याच सहा धर्मांच्या लोकांवर कागद नसल्याबद्दल कारवाई होणार नाही असं ठरलं. हे नागरिकत्व नव्हे. गल्लीत ‘आता २०२४ पर्यंतच्यांना मिळणार’ अशी बोलवा आहे, तिच्या भरवशावर कुणी एलटीव्हीचं नूतनीकरण चुकवू नये.

अफगाण, रोहिंग्या, म्यानमारमधले चिन जमातीचे लोक अशांची नोंद दिल्लीतली यूएनएचसीआर करते आणि कार्ड देते. त्या कार्डाने भारतीय कायद्यात आपोआप कुठलाही हक्क मिळत नाही. सरकारने ठरवलं तर अशा माणसालाही दीर्घ व्हिसा देता येतो, त्यासाठी २०११ पासून कार्यपद्धती आहे, पण निर्णय सर्वस्वी गृह मंत्रालयाचा.

तुमच्या ओळखीत असं कुटुंब असेल तर एवढं सांगा: जुना पासपोर्ट मुदत संपली म्हणून फेकू नका, ज्या शिक्क्यावर भारतात आल्याची तारीख आहे त्या पानाच्या प्रती काढून ठेवा, घर बदललं की पोलिसांना कळवा, बाळ झालं की २१ दिवसांच्या आत महापालिकेत जन्माची नोंद करा, आणि आजोबांच्या जन्माचा जो काही चिटोरा सक्खरहून आला असेल तो लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेला मूळ कागद तपासताना अधिकारी शंका घेऊ शकतात, त्यापेक्षा साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.